केसरबाईचं दीड सूत

नाना,

काल तुमच्या शोकसभेत तीन खोट्या गोष्टी बोलल्या गेल्या. एक, तुम्ही मितभाषी होता. दोन, तुम्ही आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. या दोन्ही मी सोडून देतो. गेलेल्या माणसाबद्दल लोक असंच बोलतात, आणि बोलणारे शेठजी तुमच्या शेडमध्ये पाच मिनिटांच्या वर कधी थांबले नव्हते. थांबले असते, तर त्यांच्या दुकानासाठी केलेल्या पंपाच्या मॉडेलला ते 'खेळणं' म्हणाल्यावर तुम्ही मागे काय काय बोललात ते त्यांनाही ऐकू आलं असतं.

तिसरी गोष्ट सोडणार नाही. तुमच्या ओतशाळेतले एक जुने सोबती उठले आणि हळहळून म्हणाले, "शेवटी शेवटी नानांच्या हाताचा अंदाज गेला होता. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या मोरीच्या मॉडेलात बाई चुकली, ते नानांचं काम वाटतच नव्हतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच होतो. कचेरीसमोर, चौकात, एस.टी. स्टँडवर, जागा मिळेल तिथे उभा राहून ओरडणारा मी, काल खुर्चीवर बसून राहिलो.

म्हणून हे लिहितो आहे. मला पत्रकं लिहायचीच सवय, तेव्हा हेही तसंच होईल. तुम्हाला माझी पत्रकं आवडत नसत. "उद्गारचिन्हं फार आणि मापं कमी," असं म्हणायचात. आज मापं सांगतो.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हाही रागातच होतो. आमच्या वस्तीला चिकटून नवा वळणरस्ता जाणार होता. जमिनीवर नाही, वीस फूट उंच मातीच्या भरावावरून. भरावाच्या अलीकडे वस्ती. पलीकडे विहीर, शाळा आणि केळीचे मळे, जिथे आमच्या बाया मजुरीला जातात. मधून जायला काय, तर भरावाच्या पोटात सहा फूट उंचीची एक गोल मोरी. आम्ही आठ फूट मागत होतो. बांधकाम खात्याच्या साहेबांनी नकाशा पुढे सरकवला आणि म्हणाले, "माणूस साडेपाच फूट. मोरी सहा फूट. अडचण कुठे आहे, दाखवा." नकाशावर मला नुसत्या रेघा दिसल्या. अडचण मला ठाऊक होती, दाखवता येत नव्हती. बाई मळ्यातून रिकामी येत नाही. डोक्यावर गवताचा भारा असतो.

कुणीतरी म्हणालं, ओतशाळेत साचे करणारे नाना आहेत, निवृत्त झाल्यावर मॉडेलं करतात, त्यांना विचार. मी शेडच्या दारात उभं राहून दहा मिनिटं भाषण केलं. तुम्ही लाकूड तासत होता. भाषण संपल्यावर विचारलंत, "बाईची उंची किती?"

"कुठल्या बाईची?"

"जी अडणार आहे तिची."

"सगळ्याच बायका अडणार आहेत, नाना. हा सगळ्या वस्तीचा प्रश्न आहे."

"सगळ्या वस्तीचं मॉडेल होत नाही. एक बाई घेऊन या, पत्रकवाले. भाऱ्यासकट."

तेव्हापासून मी तुमच्यासाठी पत्रकवाला झालो. माझं नाव तुम्ही तीनदाच घेतलंत, आणि तिन्ही वेळा माझ्या हातून साचा पडला होता.

मी केसरबाईंना आणलं. माहेर पिंपळनेरकडचं, बोलणं तिखट. भारा डोक्यावर घेऊन त्या तुमच्या शेडच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि तुम्ही पेन्सिल घेऊन स्टुलावर चढलात.

"माय व, काय करी राहिनात, नाना? मनं माप काबर लेतस? पोलिसले देवानं शे का?"

"सरळ उभ्या राहा, अक्का. आणि भारा रोजचाच आहे ना? मापासाठी म्हणून मोठा बांधला असेल तर आत्ताच सांगा."

केसरबाई भडकल्या. "मी काय लबाड शे? घ्या, तुम्हीच उचलीसन देखा."

तुम्ही खरंच उचलून पाहिलात. रोजचाच होता. सहा फुटांच्या वर दोन इंच, किंचित जास्त. मी निराश झालो. दोनच इंच. म्हटलं, साहेब सांगतील, वाकून जा. त्यावर केसरबाईंनी जे उत्तर दिलं ते मी नंतर तीन पत्रकांत छापलं: "वाकाले काय जास? भारा घीसन वाकता येस का? उतारा ते परत डोकावर कोन चढाई दी? साहेब येई का?" भरलेला भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरं माणूस हात लावायला लागतं. वाटेत उतरवला की बाई तिथेच बसली, कुणी येईपर्यंत. दोन इंचांचा प्रश्न असा होता.

तुम्ही दाराच्या पेन्सिलरेघेकडे बघत म्हणालात, "आता जमेल. फुटाला इंच. मोरी सहा इंच, बाई सहा इंच आणि वर दीड सूत." मला सूत माहीत नव्हतं. "इंचाचे आठ भाग कर, एक भाग म्हणजे सूत. एवढंही शिकवलं नाही कॉलेजात?"

पहिलं भांडण पट्टीवरून झालं. तुम्ही सागवानी बाई कोरलीत, भाऱ्यासकट, कमरेवर डावा हात, अगदी केसरबाई. मी माझ्या पट्टीने मोजली तर सहा इंच दीड सुतापेक्षा मोठी भरली. मी उसळलो. "नाना, ही फसवणूक आहे. उद्या साहेबांनी मोजली तर आपली अब्रू जाईल." तुम्ही हसलात. मग खिळ्यावरची पितळी पट्टी काढून माझ्या पट्टीशेजारी ठेवलीत. तिचा प्रत्येक इंच केसभर मोठा होता. ओतशाळेत साचेवाल्यांची अशी पट्टी असते, म्हणालात; ही मी रेझिनसाठी, साच्यात ओतायच्या त्या प्लास्टिकसारख्या मालासाठी, स्वतः कोरली. ओतलेला माल घट्ट होताना अंग चोरतो. म्हणून लाकडात तेवढं आधीच जास्त द्यायचं, म्हणजे ओतीव मूर्ती खऱ्या मापाची निघते.

"म्हणजे खोटी पट्टी लागते खऱ्या मापाला."

"खोटी काय रे? माल पुढे काय करणार आहे ते हिला माहीत आहे. तुला नाही."

ओतकाम शिकताना मी तुम्हाला किती छळलं. पहिली बाई नाकाशिवाय निघाली. नाकात हवेचा बुडबुडा अडकला होता. "वरून बदाबदा ओतलंस. आधी ब्रशने चेहऱ्यात रेझिन भर, मग एका कोपऱ्यातून सुतळीएवढी धार सोड. आणि साच्याला टिचक्या मार, हवा वर येऊ दे." दुसरी मे महिन्यात, दुपारी, रेझिन घट्ट करणारं हार्डनर हिवाळ्याच्या मापाने घालून. हातातला डबा तापला, धूर यायला लागला, आणि बाई मानेपासून कमरेपर्यंत तडकून निघाली. "जळगावच्या उन्हाळ्यात डब्यावरचं प्रमाण वाचायचं नसतं. वर पत्रा किती तापलाय ते बघायचं, आणि सकाळी सातच्या आत ओतायचं." तिसरी धड निघाली, पण तिचा रंग भुईमुगाच्या फोलपटासारखा सुटून आला. मी रंगवाल्याला शिव्या घातल्या. तुम्ही विचारलंत, "आंघोळ घातली होती का तिला?" साच्याला लावलेलं मेण तिच्या अंगाला तसंच राहिलं होतं. कपड्याच्या साबणाने, दाताच्या ब्रशने खसाखसा धुवायचं, वाळवायचं, पाण्याचा पॉलिशपेपर हलकेच फिरवायचा, मगच रंग.

आणि त्या दोन बाटल्या. हार्डनर शेडच्या एका टोकाला, घट्ट व्हायला वेग देणारं ते जांभळं औषध दुसऱ्या टोकाला. "या दोघी जावा आहेत. एकीला आधी रेझिनमध्ये नीट मुरू द्यायचं, मग दुसरीला आणायचं. दारातच समोरासमोर आल्या तर घर पेटेल." मी हसलो तर तुम्ही माझा कान धरलात. मी तेवीस वर्षांचा होतो, नाना. दोनदा अटक झालेला कार्यकर्ता. कान धरलात.

आता तिसऱ्या खोट्या गोष्टीकडे येतो.

सभा ठरली. साहेब स्वतः येणार होते. मोरीचं मॉडेल तयार होतं, भराव तयार होता. मोरीच्या तोंडाशी तीन बायांची रांग उभी करायची होती. एक धड बाई ओतून झाली होती. तेवढ्यात तुमचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तुम्ही धुळ्याला, लेकीकडे, सुमनताईंकडे गेलात. जाताना म्हणालात, "उरलेल्या दोन त्याच साच्यातून काढ. काही बिघडलं तर थांब. मी येतो."

बिघडलं. दुसरी बाई काढताना रबराचा साचा काखेत फाटला, बाईचाही हात तुटला. नवा साचा करायला सागवानी बाई हवी होती. ती तुमच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली तुमच्याकडे. धुळ्याची एस.टी. तासातासाला सुटते. मी गेलो नाही. पत्रकं वाटायची होती, साहेबांचं स्वागत कसं करायचं याच्या बैठका होत्या, माझ्याशिवाय पान हलत नव्हतं, असं मला वाटत होतं. मी ओतलेल्या बाईवरूनच नवा साचा घेतला. तो काढताना ती मानेत तुटली, म्हणजे खऱ्या मापाची धड एकही उरली नाही. मग त्या साच्यातून तीन ओतल्या. ओतीव मूर्तीवरून घेतलेल्या साच्यातली मूर्ती पुन्हा अंग चोरणार, आणि या वेळी ती भरपाई करायला पितळी पट्टी नाही. एक सूत तिथे गेलं.

वर तिघींचे तळ चिकट राहिले. हवा लागलेल्या बाजूला होतं तसं. तुम्ही वर प्लास्टिकचा कागद घालायचात, मी विसरलो. बोटाला चिकटणारी बाई साहेबांच्या हातात कशी द्यायची? मी पॉलिशपेपरवर तळ घासत बसलो. तिच्या पायाखालची पाटी पातळ होत होत गेली. अर्ध्या सुताहून जास्त तिथे गेलं.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही: घासताना मला शंका आली होती. पट्टी समोर पडलेली होती. मी मोजलं नाही. मोजलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर थांबावं लागलं असतं.

सभेच्या सकाळी तुम्ही धुळ्याहून परस्पर शाळेच्या ओट्यावर आलात, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मॉडेलजवळ जायला मी तुम्हाला वेळच दिला नाही, खुर्चीवर बसवलं. माझं भाषण चांगलं झालं. टाळ्या पडल्या. मग साहेब उठले, रांगेतली पहिली बाई उचलली आणि बोटाने मोरीत ढकलली. भारा वरच्या कडेला हलकेच घासला आणि बाई पलीकडे निघाली.

"काय हो," साहेब म्हणाले, "जाते की."

ठेकेदाराची माणसं हसली. केसरबाई तेवढ्या म्हणाल्या, "साहेब, हाई मी नही." त्यावर जास्तच हशा झाला.

मी काय केलं ते तुम्ही ऐकलंत. मी ओरडलो, "मॉडेलला हात लावलाय. यांच्याच माणसांनी मोरी कोरून मोठी केलीय." एका क्षणात मी सरळ खोटा आरोप केला, आणि माझी पोरं माझ्यामागे घोषणा द्यायला लागली.

तुम्ही उठलात. पलीकडे गेलेली बाई हातात घेतलीत. डोळ्याला पट्टी होती, तुम्ही बघितलंसुद्धा नाही, नुसता तळावरून अंगठा फिरवलात. मग माझ्याकडे तोंड करून हळू म्हणालात, "ही आई नव्हे. ही तिची लेक आहे." आणि साहेबांकडे वळून मोठ्याने, "साहेब, मोरी बरोबर आहे. बाई लहान झालीय. चूक ओतकामाची आहे, आणि ओतकाम माझ्या शेडचं आहे."

साहेब म्हणाले, "मग झालं तर."

"नाही झालं. मला बरोबर बाई करून आणायला वेळ द्या. तेव्हा मोजून घ्या आणि मग ढकला."

साहेबांनी खिशातली डायरी चाळली. "पंधरा दिवस देतो," म्हणाले. "मोरीचे पाइप तोवर यायचे नाहीत."

एस.टी. स्टँडवर मी तुम्हाला काय काय बोललो. दोन वर्षांची लढाई तुम्ही एका वाक्यात घालवली. शत्रूसमोर चूक कबूल करतात का? मला बाजूला घेऊन सांगायचं होतं, कानात. तुम्ही पिशवी सांभाळत म्हणालात, "कानात सांगितलं असतं, तर तू कानातच ठेवलं असतंस." मी म्हटलं, "लोक आता तुमचाच हात चुकला म्हणतील." तुम्ही म्हणालात, "म्हणू देत. मला निवडणूक लढवायची नाही." आणि धुळ्याच्या गाडीत चढलात. मी गाडी सुटेपर्यंतही थांबलो नाही. पाचव्या दिवशी सुमनताईंचा निरोप आला.

हे भांडण अर्धं राहिलंय, आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडणार नाही. समोरच्याला हसायची संधी देऊ नये, असं मला अजूनही वाटतं. त्या दिवशी केसरबाईंवर हसले ते लोक मी विसरणार नाही. पण उरलेलं अर्धं तुमचं. माझ्या ओरडण्याने आम्हाला तासभराची मुदत मिळाली नसती; तुमच्या त्या वाक्यावर पंधरा दिवस मिळाले. साहेबांनी माझ्या दोन वर्षांच्या पत्रकांवर विश्वास ठेवला नाही. स्वतःची चूक सांगणाऱ्या माणसावर ठेवला.

सुमनताईंनी ट्रंकेची किल्ली आणून दिली. ट्रंकेत सागवानी बाई जुन्या धोतरात गुंडाळलेली होती, शेजारी पितळी पट्टी. ताई म्हणाल्या, "नानांनी सांगून ठेवलं होतं, पत्रकवाला येईल, त्याला द्या." त्यांना बाकीचं माहीत नाही. येईल असं तुम्ही धरून चालला होता, एवढंच मला कळलं.

साचा सागवानीवरूनच घेतला. काल सकाळी सातच्या आत बाई ओतली. आधी ब्रशने चेहरा, मग सुतळीएवढी धार. टिचक्या मारल्या. वर प्लास्टिकचा कागद घातला. हार्डनर पत्र्याला हात लावून ठरवला. साचा बंद करून शोकसभेला गेलो, आणि तिथे गप्प बसलो. कालचं गप्प बसणं माझं दुसरं न मोजणं होतं, नाना. तिसरं होणार नाही.

आज सकाळी साचा उघडला. नाक होतं. तळ कोरडा होता. तिला आंघोळ घातली. केसरबाई मळ्यात जायच्या आधी आल्या होत्या, दारावरच्या त्यांच्या पेन्सिलरेघेला पाठ लावून उभ्या. मी साधी पट्टी लावली. सहा इंच, वर दीड सूत. दोनदा लावली. मग बाई केसरबाईंच्याच हातात दिली.

त्यांनी तिला मोरीच्या तोंडाशी ठेवलं आणि बोटाने ढकललं. भारा वरच्या कडेला टेकला. पुन्हा ढकललं. बाई मागे कलली, पण आत गेली नाही.

"अडनी," केसरबाई म्हणाल्या. आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की मीही हसलो, आणि मग दोघांनाही तुमच्या रिकाम्या स्टुलाकडे बघवेना.

नवं पत्रक उद्या निघेल. मागणी तीच, आठ फूट. पण पहिली ओळ अशी: "मागच्या सभेत मॉडेलातली बाई लहान होती. ती नानांच्या हाताने लहान झाली नव्हती, माझ्या हाताने झाली." खाली माझं पूर्ण नाव. मोरी मोठी केल्याचा आरोप खोटा होता, तेही त्यात आहे. पोरं म्हणतात, असं पत्रक कुणी काढतं का? मी म्हटलं, आपण काढतो. पहिली प्रत तुमच्या ओतशाळेतल्या त्या सोबत्यांच्या हातात मी स्वतः देणार आहे, आणि ते वाचेपर्यंत समोर उभा राहणार आहे.

गुरुवारी साहेब येतील. भाषण करणार नाही. एका हातात बाई असेल, दुसऱ्या हातात साधी पट्टी, आणि आधी पट्टी त्यांच्या हातात देईन. म्हणेन, साहेब, आधी मोजा. मग ढकला.